दोन कवितांमधली कापणी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत थोरली बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. घरात दोघीच, ती आणि म्हातारी आई. आई तिला थोरली म्हणायची आणि लाँड्रीतही तेच नाव चिकटलं होतं. धाकटी कोण, हे तिथे कुणी विचारलं नाही.

मग लाँड्रीत नवी यंत्रं आली आणि फतवा निघाला, की दहावी पास असेल त्यालाच ठेवायचं, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. बावन्नाव्या वर्षी पुस्तक हातात धरणं म्हणजे बोळक्या तोंडाला नवे दात फुटणं, असं ती स्वतःच म्हणायची. पण पोटापुढे लाज कसली? रविवार सकाळच्या प्रौढांच्या वर्गात तिने नाव घातलं.

गणिताने तिला रडवलं, भाषेचं पुस्तक मात्र सुरळीत चाललं होतं. अकराव्या धड्यापाशी गाडी अडली. तिथे समोरासमोरच्या पानांवर कापणीच्या दोन कविता होत्या आणि खाली प्रश्न : दोन्ही कवितांतील शेतकामाच्या चित्रणाची तुलना करा. गुण आठ.

पहिल्या कवितेत गहू सोन्यासारखा होता, बायका गात गात विळे चालवत होत्या आणि दिवस कलताना भरल्या गाड्यांमागून घरी परतत होत्या. दुसरीत करपवणारं ऊन होतं, सोललेले तळवे होते आणि एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. शिकवणाऱ्या बाई थोरलीच्या निम्म्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले, एकीकडे आनंद, दुसरीकडे कष्ट. सगळ्यांनी उतरवून घेतलं. थोरली नुसती बघत राहिली.

दहाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत तिने दुसऱ्यांच्या शेतात गहू कापला होता. पहिल्या कवितेत कुणाची कंबर धरत नव्हती, कुणाच्या मानेत कुसळं जात नव्हती. ती खोटी, हे तिला लगेच कळलं. पण दुसरीही पटेना. कापणीला त्या हसायच्या की! मुकादमाच्या चालीवरून, एकमेकींच्या घोरण्यावरून, पोट धरधरून हसायच्या.

सराव परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. थोरलीने चार पानं भरली, एकाच दिवसाबद्दल. दोघी बहिणी मळणीयंत्राला पेंढ्या देत होत्या. थोरलीने मुकादमाची नक्कल केली. धाकटी हसून हसून वाकडी झाली, मागे वळली आणि तिच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात गेलं. एकोणीस वर्षांची होती. ‘दोन्ही कवितांत हे नाही,’ एवढं शेवटी लिहून तिने पेपर दिला.

पुढच्या रविवारी बाईंनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं. पेपरवर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. बाई कितीतरी वेळ त्याचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिल्या.

“मावशी, मुख्य परीक्षेत असं लिहू नका. तपासणारे तुलनाच शोधतात. तुम्ही रकाने लिहा.”

लिहीन, म्हणाली थोरली, आणि पेपर घडी करून पिशवीत टाकला.

घरी ती मोठ्याने वाचून पाठ करायची. आईला पहिलीच कविता आवडली होती. भांडी आवरली की म्हणायची, ती गाड्यांची वाच. चार-पाच दिवस थोरलीने मुकाट्याने वाचली. एका संध्याकाळी मात्र ती करवादली. जन्म शेतात गेला तुझा, म्हणाली, हे खोटं आहे एवढं कळत नाही?

“कळतं,” आई म्हणाली. “पण तिच्यात सगळ्या घरी येतात.”

थोरलीच्या हातातलं पुस्तक मिटलं. एकोणतीस वर्षं जिभेवर आलेलं ती गिळत आली होती. ते आता आपसूक बाहेर पडलं. धाकटीला आपणच हसवलं होतं, हे तिने सांगून टाकलं.

आईचा चेहरा हलला नाही. “ठाऊक आहे. त्याच दिवशी बायकांनी सांगितलं होतं.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

आईने गुडघ्यावरची चादर पायांवर ओढून घेतली. “बोलले असते तर तुला घरातून घालवलं असतं. मग माझ्याजवळ कोण उरलं असतं?”

सांगून टाकलं की मन हलकं होईल, असं थोरलीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. आईला ठाऊक नाही, या भरवशावर तर ती या घरात जेवली होती, झोपली होती, कधीमधी विनोदही करून गेली होती. आणि आई दर वेळी पाण्याला म्हणून उठून का जायची, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं.

मुख्य परीक्षेत तिने दोन रकाने आखले. आनंद, कष्ट. अक्षर नीट काढलं, वेळेआधी पेपर दिला आणि पास झाली. लाँड्रीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी नव्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घातलं.

आई त्यानंतर दीड वर्ष जगली. कविता वाच, असं तिने पुन्हा म्हटलं नाही. दोघी औषधाच्या वेळांबद्दल बोलायच्या, गळक्या नळाबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल. धाकटीचा विषय दोघींपैकी एकीनेही काढला नाही.