आंब्यापासून हॉस्पिटलपर्यंत: मुंबई-गोवा महामार्गावर आप्पांसोबत दोन दिवस

"रस्ता मोठा झाला म्हणतात. एकदा दाखव," असं आप्पा गणपतीपासून म्हणत होते. माझे वडील. वय ब्याऐंशी. परळ डेपोतून कोकणात एसटी नेण्यात त्यांची अर्धी हयात गेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या आठवणी काढायच्यात. गुडघे धड नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू. आता नाही तर कधी, म्हणून त्यांना घेऊन निघाले.

पहाटे पाचला लालबागहून गाडी काढली. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंगमध्ये पट्टा लावून आप्पा नुसतेच बसून राहिले. मी चावी फिरवली तरी म्हणतात, "थांब." मग डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टक टक केलं. "आता चल. डबल बेल मिळाल्याबिगर गाडी हलवायची नाय." कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, हा एसटीचा नियम. निवृत्तीला चोवीस वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पनवेलनंतर पळस्पे ते माणगाव पट्ट्यात रस्ता मध्येच चौपदरी, मध्येच जुना. "काम चालू" अशी पाटी दिसली की वेग आधीच कमी करा, कारण डायव्हर्जनचा बाण अगदी तोंडावर येतो. रात्री तर जाऊच नका. वयस्कर माणूस सोबत असेल तर पेट्रोल पंप दिसेल तिथे थांबा. नव्या रस्त्याला चहाच्या टपऱ्या उरल्या नाहीत, मग बाथरूमचं काय बोलावं! कोलाडजवळ मिसळ खाल्ली, बरी होती. कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो. एरवी तासाचं काम, आम्ही काही मिनिटांत बाहेर.

आप्पा मात्र गप्प होत चालले होते. "आता डावं वळण येतला," म्हणायचे आणि समोर सरळसोट काँक्रीट. चिपळूणच्या पुढे त्यांनी वळणं सांगणं सोडून दिलं. मला फार वाईट वाटलं.

संगमेश्वरच्या बाजूला एका ओढ्यावर जुना दगडी पूल अजून आहे. नव्या पुलाच्या शेजारी, खाली, दोन्ही टोकांना मातीचे ढीग. "गाडी घे बाजूक," आप्पा एकदम म्हणाले.

"काय आहे इथे?"

"आंबो होतो. हयच सदू बसलो."

सदू त्यांचा कंडक्टर. तो वाटेत छातीत कळ येऊन गेला, एवढंच आम्हाला घरात माहीत होतं. बाकीचं आप्पांनी त्या पुलाकडे बघत सांगितलं. गाडी इथे थांबली होती, कळ आली म्हणून सदू उतरून आंब्याखाली बसला. प्रवाशांनी उचलून त्याला मागच्या सीटवर झोपवला. आप्पा धावत येऊन स्टेअरिंगवर बसले, इंजिन चालू केलं. आणि बेलची वाट बघत राहिले.

"बेल देणारो मागे आडवो पडलेलो, आणि मी बसलंय आपलो बेलची वाट बघत! शेवटी एका बाईने दोरी ओढली. किती वेळ गेलो, देवाक म्हायत. पुढच्या हॉस्पिटलात पोचाक सगळा धरून चाळीस मिन्टा लागली. दारात डॉक्टर म्हणालो, आताच गेलो."

मी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"आज हयसून त्याच हॉस्पिटलापर्यंत तू घड्याळ लाव," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या रस्त्यावरपण चाळीस मिन्टा लागली, तर माझ्या थांबण्याने काय बिघडला नाय, असा समजेन."

म्हणजे त्यांना रस्ता बघायचाच नव्हता. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि निघाले. सुरुवातीची दहा मिनिटं गाडी अशी पळाली की मीच घाबरले. मुद्दाम हळू चालवावी असंही मनात आलं, पण शेजारी ड्रायव्हर बसलेला. मग अर्धवट उड्डाणपूल लागला, आम्ही धुळीत उतरलो आणि लाल झेंडा घेतलेल्या बाईने अडवलं. नारिंगी जाकीट, तोंडाला ओढणी.

"डंपर निघतोय. पंधरा मिंटं थांबावं लागंल."

मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. लागू देत पंधरा मिनिटं, होऊ देत चाळीस. तेवढ्यात आप्पांनी काच खाली केली आणि ओरडले, "पेशंट आहे गाडीत! सोड!"

तिने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग आप्पांच्या चेहऱ्याकडे. आणि शिट्टी मारून डंपर मागे घ्यायला लावला. "जावा, जावा. बाबांना सांभाळून न्या."

हॉस्पिटलच्या फाटकाशी मी गाडी थांबवली तेव्हा मोबाईलवर एकवीस मिनिटं झाली होती.

"किती?"

"चाळीस," मी म्हणाले. "एखादं मिनिट जास्तच."

त्यांनी मान हलवली. गाडीतून उतरले नाहीत. रात्री रत्नागिरीत मुक्काम केला. खोली अठराशेला, स्वच्छ. सुरमईचं ताट त्यांनी अर्धं टाकलं. परत येताना त्या ओढ्यावरून गेलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले असावेत असं मी धरून चालले.

या प्रवासातून काय आणलं म्हणाल तर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक खोटं. पेणपर्यंत ते मला बोचत होतं, मग वाटलं, असू दे.

संध्याकाळी लालबागला पोचलो. पार्किंगमध्ये गाडी बंद केली. आप्पा मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होते. हे घड्याळ दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"एकवीस मिन्टा लागली," ते शांतपणे म्हणाले. "ड्रायव्हराक वेळ विचारूची लागत नाय."

"आप्पा, मी..."

"ऱ्हवू दे. बरा केलंस. सदूच्या बायकोक मीपण खोटाच सांगितलंय. वीस मिन्टात पोचवलंय म्हणून."

मला रडू आवरलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी पट्टा काढला, हात दाराच्या कडीवर ठेवला, पण दार काही उघडेनात.

मग माझ्या लक्षात आलं. मी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टक टक केलं, आणि आप्पा उतरले.