पहिल्या दिवशी चीक वाटायचा नाही

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. संगमनेरला एसटीनं जाऊन-येऊन बी.ए. केलं. त्याच काळात, नव्वदीच्या सुरुवातीला, वडिलांनी संकरित गाय आणली. गाय भरपूर दुधाची. आम्हाला मात्र रीत ठाऊक होती ती गावठी गाईचीच.

वस्तीवर गाय व्याली की चीक घरोघर जायचा. कास रिकामी होईपर्यंत पिळायचं, लोट्या भरून धाडायच्या, शेजारणींनी गूळ घालून खरवसाच्या वड्या करायच्या. चीक न देणारं घर कद्रू ठरायचं. दुसऱ्या वेताला आईनं असाच सगळा चीक वाटला. सकाळी गाय बसली ती उठेचना. मान कुशीवर टाकलेली, कान गार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवली, तेव्हा कुठं धडपडत उभी राहिली.

का बसली, असं मी त्यांना विचारलं. विचारायला लाजायचं नाही, एवढं तरी कॉलेजात शिकले होते. ते म्हणाले, "चिकाबरोबर अंगातलं कॅल्शियम जातं. वासराला आधी पाजा, बाकीचा थोडा थोडाच काढा. एकदा बसलेली गाय पुढच्या वेतालाही बसते. दर वेळी उठेलच असं नाही."

तिसऱ्या वेताला गाय दुपारी व्याली. कालवड झाली. तिला पाजलं, वारही वेळेत पडली. तेवढ्यात शेजारची चुलती तांब्या घेऊन हजर.

"काकू, आज चीक वाटायचा न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मास्तरीणबाई, तुझ्या बी.ए.च्या पुस्तकात गाय हुती व्हय?"

"पुस्तकात न्हवती, गोठ्यात हुती. मागल्या बारीला तुमीच तिची मान धरून बसला हुता."

"तवा तिला नजर लागली हुती."

"मग आजबी लागंल. तांब्या झाका."

आई ओशाळली. तिनं चुलतीचा तांब्या घेतला आणि कासेखाली बसली. "एवढा एकच देते. दारातून रिकामं कसं धाडू?"

मी तिचा हात धरला. "एकीला दिला की सगळ्या येतील, आई."

"लोकं नावं मला ठेवत्यात, तुला न्हाई," आई म्हणाली. ते खरंच होतं. पण ती उठली, आणि चुलती रिकामा तांब्या घेऊन गेली.

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही दोघी जाता-येता गाईच्या कानांना हात लावून बघायचो. कान कोमट. गाय खायची, रवंथ करायची, आपली आपण उठायची. मग आईनं पहिल्यांदा कास पूर्ण पिळली आणि कुणी न मागताच घरोघर लोट्या धाडल्या. आता तो चीक कसला, जवळजवळ दूधच.

संध्याकाळी चुलतीनं बांधावरून हाक दिली, "अगं ए, वड्या करायला घेतल्या तर बासुंदी झाली की!"

"मग पी की वाटी तोंडाला लावून," आईनं इकडून उत्तर दिलं. "माझी गाय उभी हाय."

त्यानंतर ती गाय आमच्याकडे बरीच वेतं व्याली आणि कधी बसली नाही. दर वेळी चीक उशिरा गेला, आणि दर वेळी आईनं वस्तीची बोलणी ऐकून घेतली.