दिवसा लाईट देणारा आवाज

आमच्याकडं इलेक्शनला रिक्षातून पुकारणारा भाऊ तुमी ऐकायलाच पायजे! हॉटेलात चहा मागतानासुद्धा "बंधू-भगिनींनो" म्हणतो. "मत द्या, पाण्याच्या मोटारीला दिवसा लाईट घ्या," हे त्यानंच गावभर सांगितलं. साहेब निवडून आले, पण लाईट अजून रातचीच येते आणि उसात लई बिबटे.

ओतूरच्या स्टँडवर पोरं टोचतात, "काय राव, दिवसाची लाईट कुठं ठेवली?"

"मी नुसता भोंगा व्हतो रे," म्हणतो, पण वर बघत नाय.

आता पप्पा रातचं उसाला पाणी द्यायला गेले, की हा बांधावर रिक्षा लावतो आणि बिबट्या लांब राहावा म्हणून स्पीकरवर बडबडत बसतो. मी घरातून ऐकते. तो श्वास घ्यायला थांबला तरी मी उठून दारात जाते.