शेवटच्या खोलीची अक्षत

मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराखेरीज लांबलचक असं आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात हर्ककाकांबद्दल मी लिहावं का, हेही कळत नाही. तो हक्क त्यांच्या रक्ताच्या माणसांचा. ही आगाऊपणाची चूक वाचणाऱ्यांनी पोटात घालावी. पण ते गेल्याची बातमी येऊन महिना झाला, तरी त्यांच्या खोलीपुढून जाताना माझी चाल आपोआप हळू होते. कुलूप दिसत असतं, आणि तरी आत कुणीतरी दाराकडे कान लावून बसलंय असं वाटत राहतं...

कोन गावात आमच्या घरामागे पाच खोल्यांची चाळ आहे. शेवटच्या खोलीत हर्कबहादूर राहायचे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. नेपाळच्या डोंगरातून सतराव्या वर्षी ते भिवंडीत आले आणि कापडाच्या लूमवर लागले. लग्न केलं नाही. लूमच्या खडखडाटानं कान अधू झालेले, त्यामुळे साधं बोलणंही भांडल्यासारखं मोठ्यानं. मी अभ्यासाला बसलो की दारातून ओरडायचे, "बाबू, आज काय शिकवला मास्तरने? आम्हाला पण सांग, फुकटमध्ये हुशार होऊ!" नळाला पाणी आलं की बादली भरल्यावरही ते धारेखाली हात धरून उभे राहायचे. आई चिडायची, "पानी काय बघायची वस्तू हाय का?" ते हसायचे. मला एकदा म्हणाले, "तिकडे पाण्यासाठी डोंगर उतरायचा. आणि धाऱ्यावर, झऱ्यावर म्हणजे, आमचा घडा सगळ्यात शेवटी."

त्या 'शेवटी'चा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. त्यांच्या जातीची माणसं तिकडे गावच्या लग्नात सनई वाजवायची, आणि जेवायची मात्र अंगणाबाहेर. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी गावातलं कुणीतरी लग्नाची अक्षत घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं. आमच्याकडे पत्रिका नुसती पाठवून भागत नाही. घरच्या माणसानं उंबऱ्याशी जाऊन हळदीकुंकवाचे तांदूळ हातावर ठेवायचे, तरच ते बोलावणं. त्या हळदीला माझ्या आजोबांनी त्यांना आपल्या शेजारी जेवायला बसवलं. ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा तरी सांगितली असेल. "कोणी विचारला नाही, तू कोण. बोलला, बस, भाकरी घे. बाबू, त्या दिवशी मी या मुलुखाचा झालो." आलेली प्रत्येक अक्षत ते देवाच्या फोटोखाली एका डबीत जपून ठेवायचे.

यंदा माझ्या ताईचं लग्न झालं. अक्षत वाटायचं काम माझ्याकडे होतं. गाव झालं, काल्हेरचे पाहुणे झाले, चाळीतल्या चार खोल्याही झाल्या. शेवटच्या खोलीशी पोचलो तेव्हा ताटलीत मूठभर तांदूळ उरले होते. आई ओट्यावरून म्हणाली, "हर्क घरचाच हाय. घरच्याला कुनी अक्षत देतं का? जा, वळ गावच्या मामांकडं द्यायचं रायलंय." मलाही ते पटलं. खरं सांगतो, मनात दुसरं काहीच नव्हतं. मी वळलो आणि गाडीला किक मारली.

हळदीच्या गर्दीत ते दिसले नाहीत, आणि मला ते जाणवलंही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन दारात आले आणि आईच्या हातात किल्ली दिली. "गावाला जाऊन येतो, वहिनी."

"लग्नात कुठं होतास रं? तोंड पन दाखवलं न्हाय."

"ड्युटी होती."

जाताना त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला, आणि गेले. त्यांचं लूम तर आठवडाभर बंद होतं. हे मला संध्याकाळी आठवलं. शेजारच्या खोलीतल्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, दोन दिवस इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसलेला. मी म्हटलं चल की जेवायला, तर म्हणतो, अक्षत आली की जातो."

त्यानंतर मी किती फोन केले, ते सांगण्यात अर्थ नाही. फोन बंदच लागायचा. परत आले की पहिल्यांदा ताटली घेऊन त्यांच्या दारात जायचं, पाया पडायचं, असं रोज ठरवत होतो. कोणतंच लग्न नसताना अक्षत कशी द्यायची, याचाही विचार करून ठेवला होता...

मग एका दुपारी, कॉलेजच्या जिन्यात असताना, नेपाळच्या नंबरवरून फोन आला. त्यांचा भाचा होता. मामांना छातीचा त्रास झाला, इस्पितळापर्यंत पोचेस्तोवर संपलं, तेरावंही झालं, असं तो हिंदीत सांगत होता. तोच पुढे म्हणाला,

"मामा आते ही पूरे गाँव को आपकी दीदी की शादी सुनाते थे. बोले, सबसे पहला बुलावा मेरे दरवाज़े पर आया, पढ़ा-लिखा लड़का खुद चावल लेकर आया था... वो आप ही हैं ना?"