फोन कुणी अडवला

वायरलेस हा शब्द तेव्हा आम्हाला पोलिसांच्या जीपमुळे माहीत होता, तेवढाच. इंटरनेट घरात येतं ते टेलिफोनच्या वायरीतून, हे मी बाळकुमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना समजावून सांगायचो, कुणी विचारलं नसलं तरी. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी संध्याकाळचा एक कोर्स केलेला, आणि सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर घरी होता. नव्हता तो फोन. अर्ज केलेला, नंबर लागत नव्हता.

फोन समोरच्या काकांकडे होता. काका मूळचे तिथलेच, आगरी. आमची बिल्डिंग त्यांच्या भातशेतीवर उभी राहिलेली, त्यामुळे जिन्यात कुणी थुंकलं तर ते अजूनही "माज्या शेतान कोन थुकला रं?" असंच विचारायचे. त्यांच्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, नुकताच कॉम्प्युटर आणि इंटरनेटचं कनेक्शन घेतलं होतं. मी प्रस्ताव मांडला: तुमच्या कॉम्प्युटरपासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत एक वायर टाकू, म्हणजे एकाच कनेक्शनवर दोन्ही घरं चालतील. बिल अर्धं अर्धं.

"तुला येतं ना हे?" वहिनीनं विचारलं.

"त्यात काय आहे," मी म्हणालो. ते मी एका मासिकात वाचलेलं होतं.

काकांनी एकच अट घातली. "तुजी वायर माज्या घरान येल, पन माजा फोन बंद नाय परला पायजे."

वायर आणायला मी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "साधी देऊ की क्रॉस?" क्रॉस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची तयारीही नव्हती. मी म्हणालो, "साधीच द्या. आपलं काम साधं असतं."

दोन्ही दारांच्या वरून, खिळे ठोकून मी ती वायर आणली आणि बसवली. काही झालं नाही. पुढचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी वहिनीच्या कॉम्प्युटरसमोर बसायचो, कधी टेलिफोनच्या लाइनला दोष द्यायचो, कधी दमट हवेला. काका मागे खुर्ची टाकून बघत बसायचे आणि जेवायची वेळ झाली की मला उठू द्यायचे नाहीत. कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन मी घरी यायचो. आई म्हणाली, "अरे, ते इंटरनेट लागलं नाही तरी चालेल. पण तू घरी जेवणार नसशील तर आधी सांगत जा."

शेवटी ऑफिसातल्या एका मित्राला सगळी हकीगत सांगितली. त्यानं एवढंच विचारलं, "वायर क्रॉस घेतलीस ना? दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर तीच लागते."

"अर्थात," मी म्हणालो, आणि ऑफिस सुटल्यावर सरळ दुकानात गेलो.

त्या संध्याकाळी इंटरनेट चालू झालं. काकांनी नारळ फोडला. मी बिल्डिंगमध्ये मान वर करून फिरायला लागलो. आमच्याकडून मी काही उघडलं की पलीकडे त्यांच्या घरात मोडेम आपोआप नंबर फिरवून किंचाळायचा. एकदा त्यांची आरती चालू असताना तो असा किंचाळला की काकांच्या हातातलं तबक कलंडलं.

मग तो रविवार आला. मी सकाळीच एक स्क्रीनसेव्हर उतरवायला लावला. कॉम्प्युटरवर काही काम चालू नसताना पडद्यावर मासे पोहणार, असा तो प्रकार. तो फार हळू उतरत होता. मधेच तुटला की मी पुन्हा पहिल्यापासून लावायचो.

दुपारी जिन्यात मोठा आवाज झाला. दार उघडून बघतो तर काकांची बहीण, खाडीपलीकडे कशेळीला दिलेली आत्या, दोन सुना आणि शेजारच्या चार बायकांना घेऊन टेम्पोनं आलेली. पदर तोंडाला लावून ती रडत होती आणि काका तिच्या समोर बनियनवर उभे होते.

"मला काय झाला? मी बरा हाय ना," ते म्हणत होते.

"मंग फोन का लागं नाय? सकालपासून बूथवर उभी हाय मी. नुसता टूं टूं. मला वाटलं दादा गेला, नायतर हास्पिटलान हाय."

मी पुढे झालो. आत्याची अवस्था बघून मला खरंच वाईट वाटलं. "आत्या, आधी बसा," मी म्हणालो. "फोनवाल्यांचा हा कारभारच असा आहे. उद्या मी स्वतः तक्रार करतो."

वहिनीनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "भाऊजी, तुमच्याकडे नेट चालू आहे का? ते चालू असलं की आमचा फोन एंगेज लागतो."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मला त्या वेळी जिना उतरून निघून जावंसं वाटलं, पण पायात चपला नव्हत्या.

काकांनी विचारलं, "सकालपासून काय करतंस तू?"

सांगण्याऐवजी मी त्यांना घरात नेलं. मासे तेवढ्यात उतरलेले. आत्या खुर्चीवर बसली, डोळे पुसले आणि पडद्यावरच्या निळ्या-पिवळ्या माशांकडे बराच वेळ बघत राहिली.

"ही कुठली मासली?" तिनं विचारलं. "खावाची हाय का?"

"नाही, नुसती बघायची."

"आनि यासाठी मी रडत आली?"

आई आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच परत आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज मला ऐकू आला.

सगळ्यांची जेवणं काकांकडे झाली. हात धुताना आत्याला आठवलं की ती फोन कशासाठी करत होती. तिच्या नातीचं लग्न जमलं होतं. मग पुन्हा रडणं झालं, पण वेगळं.

काकांनी वायर काढायला लावली नाही. त्यांनी वहिनीला सांगितलं की ह्याला काय बघायचं ते संध्याकाळी सात ते आठ बघू दे, नंतर कॉम्प्युटर बंद. साखरपुड्याला आम्हाला आमंत्रण होतं. मी टाळत होतो, पण आईनं नेलं. मांडवात आत्यानं माझा हात धरून मला सगळ्या पाहुण्यांमधून फिरवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "ह्यो तो, मासल्यांसाठी माज्या भावाला मारलेला." मी प्रत्येकाला नमस्कार करत गेलो.