कुदळीची बांधी

ज्या काकीविषयी लिहितो आहे तिला वाचता येत नाही, आणि तिला न विचारताच लिहितो आहे; चुकत असेन तर क्षमा असावी.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या साली जमिनीच्या मारामारीत आमच्या शेजारच्या या काकीचा नवरा मेला. तिची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, नांगरून द्यायला दीर नेहमी तयार असे. काकी मात्र ती एकटीच कुदळीने खोदायची. बोलतानाही थांबायची नाही. एक घाव, मग एक वाक्य.

कॉलेजच्या सुटीत मी विचारलं, "दिराचा नांगर आहे ना काकी? काऊन मरून राहिली?"

"नांगर त्याचा, त वावर बी त्याच्याच नावानं लिहिते पटवारी."

"मग तूच धर नांगर."

"बाईनं नांगर धरला का पाणी पडत नाही म्हणते गाव. कुदळीले कोणी काही म्हणत नाही. एवढं शिकून राहिला बाबू, हेबी समजत नाही?"



परवा होस्टेलवर वडिलांचं पत्र आलं. पटवाऱ्याने जमीन कसणारी कास्तकार म्हणून काकीचंच नाव लिहिलं. चिडलेल्या दिराने तिच्याकडे धान रोवायला कोणी जायचं नाही, असा दम गावाला भरला. खाली वडिलांनी लिहिलं होतं, "तुझी आई सकाळीच काकीकडे रोवायला गेली आहे."