दारावरचा आणा

परवा रविवारी रत्नागिरीत आमचा छांदिष्टांचा मेळावा झाला. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काडेपेट्यांवरची चित्रं... जो जे जमवतो ते घेऊन येतो, दाखवतो, अदलाबदल करतो. प्रवेश फी माणशी एक आणा, आणि ती घ्यायला दारावर मी.

मीच का, तर फीची कल्पना माझी. पहिल्या वर्षीच आमच्यातला नाना म्हणाला होता, "कल्पना तुझी, तर शिव्याही तूच खा." खातो आहे...

पूर्वी हा मेळावा सखारामच्या ओटीवर भरायचा. सखाराम बंदरावर मुकादम. बोटीच्या खलाशांकडून तो जपानच्या, स्वीडनच्या रिकाम्या काडेपेट्या मिळवायचा, पाण्यात भिजवून वरचं चित्र अलगद सोडवायचा आणि पाटावर वाळत घालायचा. त्यामुळे त्याच्या घरात पाट पुष्कळ, पण जेवायला बसायचं जमिनीवर.

वैनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कधी तोंड वाकडं केलं नाही. आम्ही पंधरा-वीस जण, त्यात राजापूरचे दोघे तर आदल्या दिवशीच मुक्कामाला हजर. सगळ्यांना चहा, पोहे, निघताना हातावर सुपारी... कोणी काही मागितलं नाही आणि कोणी काही दिलंही नाही.

मग माणसं वाढली. मला वाटलं, छंद सगळ्यांचा, तर तोशीस एकाच्याच घराला का? वाचनालयाचा हॉल भाड्याने घ्यावा आणि माणशी आणा काढावा. हे मला आजही न्यायाचंच वाटतं. जिथे फुकट मिळतं तिथे कोणाच्या तरी घरातलं जातच असतं, आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

सखारामला ते फार लागलं. "माझ्या घराला तोशीस झाली, असं मी कधी बोललो? आता मित्रांत बसायला पैसे मोजायचे होय? मी नाय ती पायरी चढणार," म्हणाला. आणि चढला नाही. रुसलाय, निवेल आपोआप, म्हणून मीही गेलो नाही... गेल्या भाद्रपदात तापाने तो गेला. रुसवा तसाच राहिला.

परवा दुपारी वैनी आल्या. डोक्यावरून पदर, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात काय आहे ते उघडायच्या आधीच मला कळलं.

मी उठून उभा राहिलो. "वैनी, तुम्हाला कसली फी... आत या."

"नको भावोजी. ह्यांनी ही पायरी चढायची नाय म्हटलंनी, मग मी कशी चढू? उद्याच्या बोटीने मुंबईला भावाकडे जात्ये. तिथे एका खोलीत सात माणसं, हे ठेवू कुठे? आणि चुलीत घालायला हात होत नाय. कोणी जपणार असेल तर न्या म्हणावं."

एवढं बोलून त्या पायरीखाली फणसाच्या सावलीत बसल्या. जमिनीवर फडकं पसरलं, एकेक चित्र मांडलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला.

पहिले राजापूरचे दोघे बाहेर गेले. मग नाना, मग त्याच्यामागून सगळेच... आणा भरून आलेला हॉल रिकामा आणि सगळे फणसाखाली उकिडवे. इतक्या वर्षांनी मंडळी पुन्हा सखारामकडे जमली होती.

मी मात्र दारात. पुढ्यात फीची पेटी आणि आत सगळ्यांची नाणी उघड्यावर मांडलेली. ती टाकून जाणार कसा? नानाला दोनदा हात केला, त्याचं लक्ष नव्हतं. बसल्या जागेवरून मला फक्त पाठी दिसत होत्या.

आवाज तेवढे येत होते. हा हत्ती बघ... ही होडी बघ... मग कोणीतरी म्हणालं, "अरे, हा वाघ!" तो वाघ मला ठाऊक होता. आम्ही दोघांनी मिळून सोडवला होता तो. माझं नख लागून त्याचा कान फाटला, तरी सखाराम मला एका शब्दाने बोलला नव्हता.

शेवटी नाना आला, म्हणाला, "जा, बघून ये." मी पायरी उतरलो तेव्हा फडक्यावर नुसते खडे उरले होते. वैनी ते गोळा करत होत्या.

"तुम्हाला राहिलं नाय की हो काही... मला वाटलं, तुम्ही सगळ्यात आधी याल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे.

जाताना त्यांनी खालूनच दारातून आत पाहिलं. "एवढाच होय हॉल? हे म्हणायचे, पैसे घेतात म्हणजे आपल्या ओटीपेक्षा पुष्कळ मोठा असेल." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काल त्यांची बोट गेली. ज्या घराने आम्हाला इतकी वर्षं पोसलं, त्या घराला आता कुलूप आहे. त्यांचे आभार मानायचं एकदाही कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. ते इथे लिहून मानतो... त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत, हे माहीत असून.

नाना विचारतो, पुढच्या वर्षी फी ठेवायची का. ठेवा, भाडं काय आकाशातून पडणार आहे? पण दारावर दुसरा कोणी बसवा.

आणि कान फाटलेला वाघ मेळाव्याला आलेल्या तुमच्यापैकी ज्याच्याकडे गेला असेल त्याने तो जपावा. मला एकदा दाखवावा. आणा लागला तर देईन.